गोलाचं घर

माझा थोरला भाऊ इनास हॉकी खेळायचा, हे या पुस्तकात मी अजून कुठेच लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे. शाळा लिहून झाली, वाडी झाली, लग्न झालं, सासूबाईंचे टोमणेसुद्धा सविस्तर लिहून झाले, आणि हॉकी मात्र मी दरवेळी पुढच्या प्रकरणावर ढकलत आले. गेल्या महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये जुन्या खेळाडूंचा मेळावा झाला, तिथून घरी आल्यापासून मला चैन नाही. तेव्हा सांगून टाकते एकदाचं. इनासने त्या फायनलला आपली जागा सोडली ती माझ्या सांगण्यावरून. त्याला बघायला त्या दिवशी मुंबईहून एका ऑफिसच्या टीमचे साहेब आले होते. त्यांच्या पसंतीला उतरला असता तर नोकरी आणि टीममधली जागा, दोन्ही मिळणार होतं. इनासला हे माहीत होतं, मला नव्हतं. पण माहीत असतं तर मी गप्प बसले असते का, याची खात्री मी आज देऊ शकत नाही. माझी जीभ त्या वयात फार तिखट होती. आता वयाने थोडी मऊ झाली आहे असं माझ्या सुना म्हणतात, पण त्या माझ्या तोंडावर दुसरं काय म्हणणार!

आमचं घर वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाडीत. पुढे अंगण, अंगणात पांढऱ्या चुन्याचा क्रूस, आणि मागे बावखल. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवून वाडी शिंपायला खणलेलं तळं. तेव्हा घरटी एक नसलं तरी दोन-तीन घरांत मिळून एक असायचंच. आमच्या बावखलाच्या पलीकडच्या काठावर बस्त्यावचं घर होतं. त्याची आई आणि माझी आई धुणं धुता धुता पाण्यावरून एकमेकींशी बोलायच्या, आणि ते बोलणं आम्हाला घरात बसून ऐकू यायचं. पहाटे बाबा पंप चालू करायचे, त्याची फट-फट सुरू झाली की उठायचं. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की हातातलं काम सोडून उभं राहायचं. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती जशीच्या तशी लिहिली तर वसईच्या बाहेरच्या माणसाला अर्धी कळायची नाही, म्हणून इथे सगळ्यांना समजेल अशीच माणसं बोलवते आहे. फक्त कुणाकुणाचे दोन-चार शब्द तसेच ठेवते, आईचं ‘पानी’ तर नक्कीच, ते ‘पाणी’ लिहिलं की ती आई माझी राहत नाही.

थंडी पडली की आई सुकेळी करायची. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी सगळी गोळा करून घरात आणायची, सकाळी पुन्हा बाहेर. आठवडाभर हे चालायचं. मग ती मधासारखी तांबूस आणि चिवट झाली की केळीच्या सुक्या पानात घट्ट बांधायची. कावळे हाकायला मी आणि इनास मांडवाखाली बसायचो. इनास माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, पण भांडायचा बरोबरीने. हातात हॉकीची स्टिक, पायाशी बॉल, आणि कावळा आला की उठायचं नाव नाही, बॉलच फेकायचा. कावळा बिनघोर केळं घेऊन जायचा आणि बोलणी मला बसायची. तरी सांगते, आईचा सगळा जीव त्याच्यावर होता. मला तेव्हा त्याचा राग यायचा, आता येत नाही.

नाताळ झाला की गावोगावच्या हॉकीच्या मॅचेस सुरू व्हायच्या. चर्चच्या मागच्या मैदानात चुन्याच्या रेघा मारायच्या, लाकडी खांब उभे करायचे, बायकांसाठी एका बाजूला बाकं. आणि आमच्या गावात एक पद्धत होती. ती दुसऱ्या कुठल्या गावात होती असं मी ऐकलेलं नाही. फायनल जिंकलो की ज्याच्या गोलने जिंकलो त्याला खांद्यावर घेऊन, पुढे बँड लावून, सगळं गाव त्याच्या घरी जायचं. त्याची आई दारात उभी राहायची, पोराच्या कपाळावर क्रुसाची खूण करायची आणि कप हातात घ्यायची. मग टीम त्याच घरी जेवायची, आणि तो कप वर्षभर त्या घरच्या अल्तारावर, मरियामातेच्या तसबिरीशेजारी राहायचा. त्या घराला वर्षभर ‘गोलाचं घर’ म्हणायचे. पोस्टमनला पत्ता सांगतानासुद्धा लोक म्हणायचे, गोलाच्या घरापासून डावीकडे वळ. लग्नाच्या बोलण्यातसुद्धा हे यायचं, हसू नका. अमक्याची मुलगी, कुठल्या घरची, गोलाच्या घरची!

आमच्या घरी कप कधीच आला नाही. इनास पाच फॉरवर्डमधला एक, इनसाइड लेफ्ट, म्हणजे खरं तर गोल मारायच्या जागेवरचाच माणूस. पण त्याचा खेळ भलताच. बॉल आपल्याकडे असला की तो पुढे जायचा, पण दुसऱ्याच्या हातात गेला रे गेला की बाकीचे फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून उभे असायचे आणि हा मागे पळत सुटायचा. समोरच्यांचा जो सगळ्यात तेज माणूस असेल त्याच्या वाटेत जाऊन उभा. मग बॉल काढून घ्यायचा आणि आपला सेंटर फॉरवर्ड बस्त्याव, त्याच्याकडे लांब ढकलायचा. बस्त्याव गोल मारायचा. बँड बावखलाच्या पलीकडच्या काठाने जायचा, आणि आम्ही अलीकडच्या काठावर उभं राहून टाळ्या वाजवायचो. ओळीने कितीतरी वर्षं हेच. पाचूबंदरचा जुजे नावाचा एक कोळी मासे विकून झाले की मॅच बघायला यायचा, मोठा फाटक्या तोंडाचा माणूस. त्याने इनासचं नाव ठेवलं ‘घरकोंबडा’. फॉरवर्ड असून सारखा घराकडे पळतो म्हणून. मैदानभर ओरडायचे, “आला रे आला, घरकोंबडा आला!” इनासला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. नाकाला मिरच्या झोंबायच्या. शाळेतल्या मुली विचारायच्या, “फिलू, तुझा भाऊ खेळतो की राखण करतो?” मी घरी येऊन तो राग इनासवर काढायचे.

पण आईचं मला तेव्हाही बघवत नसे. दर फायनलच्या आदल्या संध्याकाळी ती फुग्यांचं पीठ भिजवायची. फुगे आमच्याकडे लग्नाकार्याला लागतात. मैदा, नारळाचं दूध, अंडी, थोडी ताडी, असं फेटून फेटून ठेवायचं, ते रात्रभर फुगतं, मग मुठीत धरून अंगठ्याच्या वरून तेलात सोडायचे, टम्म गोल होतात. एवढ्या पिठात पंचवीस माणसं जेवली असती. कुणाला सांगायची नाही. पातेलं कोनाड्यात झाकून ठेवायची, आणि कोंबडीला लागेल म्हणून उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला आमचा बाटली मसालाही काढून ठेवायची. दुसऱ्या दिवशी बँड पलीकडे गेला की मुकाट्याने फुगे तळायची, आणि आम्ही तिघं-चौघं ते दोन दिवस चहाबरोबर खायचो. बाबा एकदा म्हणाले, “कशाला करतेस?” ती म्हणाली, “करून ठेवायला काय जातं? ऐन वेळेला धावपळ नको.” दरवर्षी तेच उत्तर.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे त्या वर्षी आईचं मोठं ऑपरेशन झालं होतं. पावसाळाभर ती खाटेवर होती. थंडीत उठून फिरायला लागली, पण हातात जोर नव्हता. सुकेळीसुद्धा त्या वर्षी मीच वाळवली, आणि वाईट वाळवली. फायनलच्या आदल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, “आई, पीठ मी फेटते, तू फक्त सांग.” ती खाटेवरून म्हणाली, “नको ग बाय. या वर्षी नको. उगाच पीठ वाया. तो कप काय आपल्या घरचा नाही.” एवढं सहज म्हणाली, रेशन संपलं म्हणावं तसं. मला रडू आलं. मी हट्टाने पीठ फेटलं. दंड भरून आले, पण फेटलं. आणि फेटता फेटता माझ्या डोक्यात ठरलं की उद्या इनासला सोडायचं नाही.

सकाळी तो अंगणात क्रुसापाशी बसून बुटांना खडू लावत होता. आधीच इस्त्री केलेला शर्ट पुन्हा इस्त्री करून त्याने दोरीवर टांगला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. इनास आणि इस्त्री! पण आपल्याला जे बघायचं असतं तेच आपण बघतो. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, “आज पुढे जा.”

“कुठे पुढे?”

“गोल मारायला. एकदा. एकदाच आपल्या घरी कप येऊ दे. आईचं बघतोस ना कसं झालंय?”

त्याने खडू खाली ठेवला. “मी पुढे गेलो तर डॉमनिकला कोण बघणार?” डॉमनिक समोरच्या गावचा. वाऱ्यासारखा पळायचा.

“बाकीचे दहा जण काय मोगरा तोडायला येतात?”

“फिलू, तसं नसतं. त्याला मी सोडला की तो सुटला.”

यावर मी गप्प बसायला हवं होतं. त्याला जे कळत होतं ते मला कळत नव्हतं. पण मला हरायचं नव्हतं, आणि इनासला कुठे लागतं हे बहिणीइतकं कुणाला माहीत! मी म्हटलं, “डॉमनिकचं निमित्त आहे. तू घाबरतोस. आपण मारला आणि चुकला तर लोक हसतील म्हणून तू मागे पळतोस. लोक म्हणतात ते बरोबर आहे. घरकोंबडाच आहेस तू.”

तोवर घरातलं कुणी त्याला त्या नावाने हाक मारलेली नव्हती. तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने दुसरा बूट उचलला, खडू लावला आणि हळूच म्हणाला, “आईला सांग, पीठ झाकून ठेव.” मी एवढी खूश झाले! नाचत नाचत आत गेले. आज ते आठवलं की मला माझी किळस येते. दुसरा शब्द नाही.

फायनल मी बायकांच्या बाकावर उभी राहून बघितली. आई घरीच होती. बाबा मैदानाच्या कडेला असलेल्या क्रुसाच्या ओट्यावर बसले होते. शेवटची दहा-पंधरा मिनिटं राहिली तरी कुणाचाच गोल नव्हता. बस्त्यावला त्यांनी दोन माणसं लावून बांधून टाकलं होतं, आणि डॉमनिकला इनासने. डॉमनिक डावीकडे गेला, इनास तिथे. उजवीकडे गेला, इनास तिथे. लोक कंटाळले होते, जुजे ओरडत होता, “अरे, कोंबडीचा खेल चाललाय का हॉकीचा?” पलीकडे खुर्चीवर टोपी घातलेले एक अनोळखी गृहस्थ बसले होते, ते मात्र कंटाळलेले दिसत नव्हते. ते बॉलकडे न बघता इनासकडेच बघत होते. हे मी तेव्हा पाहिलं होतं आणि माझ्या मनात आलं, हे कोण? बस, एवढंच. त्यापुढे मी विचार केला नाही.

मग मैदानाच्या मध्यावर इनासने बॉल काढून घेतला. एरवी तो लगेच बस्त्यावकडे ढकलायचा. या वेळी त्याने बॉल स्टिकला धरून ठेवला आणि मान वर करून बायकांच्या बाकाकडे बघितलं. मी दोन्ही हात वर करून ओरडले, “जा!” तो निघाला. मी माझ्या भावाला तसं खेळताना आधी कधी बघितलं नव्हतं. एकाला उजवीकडून टाकलं, दुसऱ्याला डावीकडून टाकलं, बॉल स्टिकला चिकटलेला. सगळं मैदान उठून उभं राहिलं. हा माणूस हे सगळं करू शकत होता आणि इतकी वर्षं करत नव्हता! गोलकीपर पुढे आला, इनासने मारला. खांबावर ठक्कन आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. बॉल उलटा मैदानात आला, त्यांच्या माणसाने तो लांब मारला, आणि मैदानाच्या त्या टोकाला डॉमनिक एकटा उभा होता. इनास मागे पळाला. जिवाच्या आकांताने पळाला, पण फार लांब होता. गोल झाला. थोड्या वेळाने शिट्टी वाजली.

लोक काय काय बोलले ते लिहीत नाही. बस्त्यावने स्टिक जमिनीवर आपटली आणि म्हणाला, “आजच उडायचं होतं तुला?” टोपीवाले गृहस्थ उठून गेले होते. मी बाकावरून उतरले, आणि सगळ्या बायकांच्या आधी घरी पळाले.

घरी जे झालं ते मला आजही नीट मांडता येत नाही. आई दारात उभी होती. बाबांनी कुणाच्या तरी सायकलवर बसून आधीच येऊन तिला सांगितलं होतं. मला वाटलं ती रडत असेल. तिचे डोळे चमकत होते. “खांबाला लागला म्हनतात? खरंच?” मी मान हलवली. “दोघांना टाकून गेला?” इनास आला तशी तिने त्याला खाटेवर बसवलं, पानी दिलं, आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तो सांगत होता, बॉल कसा काढला, पहिला कसा चुकवला, आणि ती मध्येच म्हणायची, “थांब, परत सांग.” त्याने परत सांगितलं. चेहरा जरासुद्धा वाकडा केला नाही. मग ती उठून म्हणाली, “आज फुगे मी तलनार,” आणि खरंच चुलीपाशी बसली. मी तिच्या शेजारी बसून रडत होते. तिला वाटलं धुरामुळे.

आई पुढच्या पावसाळ्यात गेली. शेवटपर्यंत तिला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती खांबाची गोष्ट सांगायची. कुणी म्हणेल, मग झालं तर, आईला आनंद मिळाला. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर माझी हीच समजूत घातली. पण साहेबांचं मला कळलं ते आई गेल्यावर. बस्त्यावनेच सांगितलं. सेमीफायनलनंतर त्या ऑफिसचा एक माणूस इनासला फाटकापाशी भेटला होता आणि म्हणाला होता, गोल मारणारे आमच्याकडे ढीगभर आहेत, पुढे खेळून मागे येणारा एकसुद्धा नाही, साहेब फायनलला तुलाच बघायला येतील. आणि साहेबांनी काय बघितलं? ऐन वेळी जागा सोडणारा पोरगा. तसं ते बोलूनसुद्धा दाखवून गेले. मी इनासला विचारलं, “मला सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तू मला पुढे जाऊ दिलं नसतंस.” म्हणजे त्याला सगळा हिशोब ठाऊक होता आणि तरी तो गेला. त्या वर्षानंतर त्याने स्टिक हातात धरली नाही. सातिवलीच्या एका कारखान्यात लागला, पत्रे कापायचं काम, आणि तिथेच म्हातारा झाला. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं तिथे गेली. मी मात्र शिक्षिका झाले, आणि हजारो मुलांना सांगितलं की बोलण्याआधी विचार करावा.

आता मेळाव्याचं. बस्त्याव हल्ली मुलाकडे नायगावच्या टॉवरमध्ये राहतो. त्याच्या नातवाने गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये कोंबलं, आणि त्यातून हा मेळावा निघाला. मला वाटलं होतं बस्त्यावच्या गोलांच्या गोष्टी होतील, बिर्याणीचे डबे वाटतील, संपलं. झालं भलतंच. माणसं उठायची आणि इनासबद्दल बोलायची. एकाला त्याने पावसात ओल्या मैदानावर घसरत जाऊन अडवलेला बॉल आठवत होता. दुसरा म्हणाला, मी फुलबॅक होतो, अगदी मागे गोल राखायला, सगळे म्हणायचे आमच्या फुलबॅकवरून कुणी जात नाही, अरे, माझ्यापर्यंत कुणी यायचंच नाही, इनास येऊच द्यायचा नाही. मग जुजे उठला. नव्वदीला टेकलेला, दोन नातवांनी धरलेला. माईकची त्याला गरज लागली नाही. “त्याचं नाव मी ठेवलंय, घरकोंबडा. मीच ओरडायचो. आम्ही सगले आंधले. बॉलच्या मागं डोले. बॉल नाय तवा हा मानूस कुठं हाय, कोन बघतो? इनास, मला माफ कर रे बाबा.” आणि हात जोडून उभाच राहिला. इनास व्यासपीठावर बसला होता, उठून आला आणि त्याने जुजेला धरून खुर्चीवर बसवलं.

मी दुसऱ्या रांगेत होते. जो माणूस नुसता ओरडायचा तो माफी मागत होता, आणि जिने इनासला पुढे ढकललं ती साडी नीट करून बसली होती.

शेवटी डॉमनिक बोलायला उठला. तो आता मुलीकडे जूचंद्रला असतो, मुद्दाम आला होता. म्हणाला, “मी सगळ्या गावांना गोल मारले. या गावाला आयुष्यात एकच. आणि तो मी मारला असं मी म्हणत नाही. मी वळून बघितलं तर इनास नाही! मी घाबरलो, मला वाटलं हा मागून कुठून तरी येणार.” लोक हसले. मग तो वळला आणि म्हणाला, “इनास, इतकी वर्षं विचारायचं राहिलंय. त्या दिवशी तू गेलास का?”

सगळ्यांनी इनासकडे बघितलं. माझ्या लक्षात आलं की हीच वेळ. पुढच्या खुर्चीची पाठ धरून मी उठायला लागले. गुडघे मेले वेळेवर उठू देत नाहीत, पण मी उठत होते, देवाशपथ उठत होते. तेवढ्यात इनासने डॉमनिकच्या हातून माईक जवळजवळ ओढूनच घेतला आणि म्हणाला, “का म्हणजे? हाव सुटली मला. म्हटलं, दरवर्षी या बस्त्यावच्या घरचं फुकट जेवायचं, एकदा तरी आपल्या घरी बोलवावं.” हॉलमध्ये एकच हशा. बस्त्यावने पुढे होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. टाळ्या थांबेनात. मी अर्धी उठलेली, ती तशीच खाली बसले.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिणं सगळ्यात कठीण आहे. माझा भाऊ सगळ्या गावासमोर माझं पाप स्वतःच्या अंगावर घेत होता आणि मला आतून हायसं वाटत होतं, वाचलो एकदाचे. बिर्याणीसुद्धा खाल्ली मी.

संध्याकाळी रिक्षाने घरी येताना मी म्हटलं, “इनास, मी उठत होते.”

“बघितलं ना. म्हणून तर माईक ओढला.”

“का पण?”

“मग काय, सगळ्या गावासमोर तू रडणार आणि मी बघत बसणार? त्यांना मॅचच्या गोष्टी हव्या होत्या. आपल्या घरच्या कशाला?”

मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! त्या सकाळी खडू खाली ठेवून तो मला डॉमनिकचं सांगत होता तेव्हा मी गप्प बसले असते तर त्याचं आयुष्य वेगळं झालं असतं, आणि त्याबद्दल एकदा, एकदाच, माझ्या तोंडाने बोलायची माझी पाळी आली होती. “एवढं एक तरी माझं मला करू द्यायचं होतंस,” मी ओरडले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. इनास म्हणाला, “बरं बरं, हळू बोल.”

म्हणून हे प्रकरण मी त्याला न दाखवता छापायला देते आहे. आधीची सगळी त्याने वाचली, शुद्धलेखन तपासलं, बाबांच्या पंपाचा आवाजसुद्धा दुरुस्त केला. हे वाचलं असतं तर चष्मा काढून म्हणाला असता, “फिलू, हे काढून टाक, लोक तुला नावं ठेवतील.”

ठेवू देत.